सिस्टरताईंना विचारा : परमुलखातलं बाळंतपण

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. गाव सोडून पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेलेली बाई, तिथं तिला दिवस राहतात किंवा दिवस राहिलेले असतानाच ती जाते, आणि मग तिथल्या डॉक्टर-नर्सशी तिची गाठ पडते. मी स्वतः एकतीस वर्षं ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूती विभागात काम केलंय, त्यामुळे यातलं बरंच मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघितलंय. पत्रं थोडी कमी करून देतेय, नावं-गावं काढलीयत.

ताई, मी बीड जिल्ह्यातून लिहितेय, बारावीला आहे. माझ्या मोठ्या बहिणीला सहावा महिना चालूय आणि दिवाळी झाली की ती आणि दाजी ऊसतोडीला कारखान्याला जाणार, उचल (आगाऊ पैसे) घेतलीय त्यामुळं थांबता येत नाही. पहिल्या वेळी तिकडंच कळा सुरू झाल्या, ट्रॅक्टरवर बसवून दवाखान्यात नेलं तर तिथल्या बाईंनी आधी कार्ड मागितलं, ते कोपीत, म्हणजे आमच्या तिथल्या झोपडीत, राहिलेलं, मग "नऊ महिने काय झोपली होतीस का" असं बोलल्या आणि ती ओरडली म्हणून मांडीवर चापट मारली. बाळ चांगलंय पण आता ताई म्हणते मी दवाखान्यात जायचीच नाही, कोपीतच बाळंत होईन, सोबतच्या बाया करतील. तिला कसं समजावू? आणि आपलं कार्ड तिकडं चालतं का?

पोरी, समजवायच्या आधी तिला एक गोष्ट सांग, की चूक तिची नव्हती. कळा येत असताना बाई ओरडणारच, आणि तिला मारणं हे कुठल्याच नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली यावर वेगळं निवेदनच काढलं, की बाळंतपणात बाईला मारणं, शिव्या देणं, तिची लाज न राखणं, न विचारता काही करणं हे तिच्या हक्काच्या विरुद्ध आहे. तुझ्या ताईनं हे कुणाच्या तरी तोंडून ऐकणं फार गरजेचं आहे, कारण बायका ते मनात ठेवतात आणि पुढच्या वेळी दवाखानाच नको म्हणतात, तिनं तेच केलंय.

आता मी माझं सांगते. मी पण बोललेय. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं, ऊस चालू होता, रात्री दीडच्या सुमाराला टायरगाडीतून एक बाई आणली. सलाइन लावायला हात हातात घेतला तर मनगटापर्यंत उसाच्या पाचटानं चिरलेला, त्या चिरांमध्ये काळं बसलेलं, आणि कातडी इतकी निबर की शीर सापडेना. मी आधीच दोन बाळंतपणं करून दमलेली, तिला म्हटलं, एकदाही तपासणी नाही? कार्ड नाही? जीव नकोसा झालाय का तुला? ती काहीच बोलली नाही. पहाटे बाळंत झाली, सगळं नीट झालं. सकाळी तिनं कमरेच्या बटव्यातून प्लास्टिकच्या पिशवीची एक घडी काढली, साखरेची पिशवी होती, आणि तिच्यातून कार्ड. हळदीचा डाग पडलेलं, पण तिच्या गावच्या नर्सबाईनं व्यवस्थित भरलेलं, आणि त्यावर रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सहा लिहिलेलं. सहा! म्हणजे रात्री तिला जरा जास्त रक्तस्राव झाला असता तर ती माझ्या हातात गेली असती आणि मला कळलंही नसतं का ते. मी म्हटलं अगं रात्री का नाही दिलंस, तर म्हणाली, "तुम्ही लई चिडला व्हता, मला वाटलं फाडून टाकताल." त्या दिवसापासून मी आधी नाव विचारायला लागले, मग कुठून आलीस, मग बाकीचं. हे मी तुला अशासाठी सांगतेय की आमच्या ओरडण्यानं नुसतं मन दुखत नाही, माहिती बंद होते, आणि माहिती बंद झाली की बाई मरू शकते.

तरीपण कोपीत बाळंतपण नको, हे मी हात जोडून सांगते. बाळ बाहेर आल्यावर रक्त थांबलं नाही तर दोन तासांच्या आतही खेळ संपू शकतो, आणि उसाच्या फडापासून दवाखाना तेवढ्या वेळात गाठता येईलच असं नाही. सोबतच्या बाया कितीही हुशार असल्या तरी त्यांच्याकडं रक्त थांबवायचं इंजेक्शन नसतं.

जायच्या आधी काय करायचं ते ऐक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला, २०१६ पासून चालूय, त्या दिवशी तिला घेऊन जा. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, बीपी, लघवी, सोनोग्राफी हे सगळं करून कार्डावर लिहून घ्यायचं, धनुर्वाताची इंजेक्शनं झालीत का बघायचं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी, ७ च्या खाली असेल तर ते फार गंभीर, तिथं गोळ्यांवर भागत नाही, डॉक्टरांना दाखवावंच लागतं. लोहाच्या गोळ्या जाताना पुरेशा मागून घ्या आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, फडावर सगळं चहावरच चालतं म्हणून मुद्दाम सांगतेय. मग कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ, तुझ्या फोनमध्ये, दाजींच्या फोनमध्ये आणि टोळीतल्या आणखी एकाच्या. कार्ड कोपीत राहिलं तरी फोटो सोबत राहतो. कार्डावर तिचा नोंदणी नंबर असतो, तो पण वेगळा लिहून ठेव.

आणि हो, कार्ड सगळीकडं चालतं. अगदी कार्ड नसलं तरी सरकारी दवाखान्यात बाळंतपण नाकारता येत नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण, न्यायला गाडी आणि परत सोडायला पण गाडी. पत्ता कुठला आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. "तुमच्या जिल्ह्यात जा" असं कुणी म्हटलं तर ते चुकीचं आहे.

तिकडं पोचल्यावर कळा यायची वाट बघायची नाही. पहिल्याच आठवड्यात, अड्ड्यावर (टोळीच्या मुक्कामावर) बसल्या बसल्या, जवळचं उपकेंद्र कुठंय ते विचारून तिथल्या नर्सबाईला आणि आशाताईला कार्ड दाखवून यायचं, आणि सिझर कुठल्या दवाखान्यात होतं ते विचारून घ्यायचं. एकदा तोंडओळख झालेली असली की त्या रात्री "ही कुठून आली" असं होत नाही, मी सांगते ना, आम्हीसुद्धा ओळखीच्या चेहऱ्याशी वेगळं वागतो. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर दाजींना पाठ पाहिजेत, आणि रात्री गाडी लागली तर कोण देणार हे मुकादमाकडून आधीच कबूल करून घ्यायचं.

सोबत एक बाई आत थांबू शकते, हे फार जणींना माहीत नसतं. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिलीय, स्वतः बाळंतपण झालेली घरची बाई असली की झालं. पहिल्या वेळी तुझ्या ताईसोबत आत कुणी असतं तर ती चापट कदाचित बसली नसती. यावेळी टोळीतली कोण आत जाणार ते आधी ठरवा, आणि दारात "आम्हाला परवानगी आहे" असं शांतपणे सांगा. कुणी अंगावर आलंच तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा म्हणायचं, आणि १०४ वर तक्रार नोंदवता येते.

फडावर मोळी उचलायची नाही. ऊस सवळणं (पाला काढणं), मोळी बांधणं एकवेळ ठीक, पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं आता बंद, हे दाजींनीच टोळीत सांगायला पाहिजे, तिनं सांगितलं की तिलाच कामचुकार म्हणतील. आणि पाणी प्यायचं. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी धरून ठेवतात, मग लघवीचं इन्फेक्शन होतं आणि त्यानं महिने भरायच्या आत कळा येऊ शकतात, मी अशी सातव्या-आठव्या महिन्याची बाळं दर मोसमात बघितलीयत. डोकं फार दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडावर सूज आली, पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाचं हलणं कमी झालं, यातलं काहीही झालं तर त्या दिवशीचा खाडा (कामावर न गेल्याचा दंड) गेला खड्ड्यात, सरळ दवाखाना.

खरं सांगू का, माझ्या मनातलं विचारशील तर तिनं आठव्या महिन्यापासून घरीच थांबावं. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, अर्धा कोयता म्हणजे अर्धी कमाई, आणि उचल फिटत नाही, हे मला माहितीय, त्यामुळे "थांब" म्हणून मोकळी नाही होत. दाजींशी बोलून बघ, निदान शेवटचे काही आठवडे तरी ती आईकडं येऊ शकते का.

सिस्टर, मी पुण्याजवळच्या औद्योगिक भागात सरकारी प्रसूतिगृहात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त पेशंट बिहार, यूपी, कर्नाटक, तेलंगणाकडच्या. भाषा कळत नाही, पेपर नसतात, ऐन वेळी येतात, सांगितलेलं ऐकत नाहीत. रात्री आम्ही दोघी आणि पेशंट पंधरा-सोळा. मग आवाज चढतो. लोक म्हणतात सरकारी नर्सेस उद्धट. तुम्ही तरी आमची बाजू मांडाल का?

बाई, बाजू मांडते, अगदी मनापासून मांडते. दोघींनी सोळा जणी बघायच्या, त्यातच रजिस्टर, पोर्टल, रिपोर्टिंग, त्यातच कुणाचं तरी बीपी वाढलेलं, हे ज्यानं केलं नाही त्याला कळणार नाही. स्टाफ वाढवा ही मागणी मी नोकरीत असताना केली, आताही करते. तुम्ही दमता, तुम्हाला जेवायला वेळ मिळत नाही, आणि दमलेल्या माणसाचा आवाज चढतो.

पण तुम्ही मला सिस्टर म्हणून लिहिलंत म्हणून सिस्टर म्हणूनच बोलते. "सांगितलेलं ऐकत नाहीत" असं लिहिलंय, तर ते तिला कळलं होतं का हे एकदा बघा. बांधकामाच्या साइटवर राहणारी, घराबाहेर एकटी कधी न गेलेली, घरात भोजपुरी किंवा मैथिली बोलणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, तिला आपण मराठीत "वर सरक, पाय फाकव, जोर दे, आता नको देऊ" असं एका दमात सांगतो, आणि ती घाबरून उलटंच करते. ती हट्टी नसते, बहिरीही नसते, तिला फक्त आपण काय म्हणतोय ते कळत नसतं. तिच्या सोबत आलेल्या बाईला आत घ्या. मला माहितीय, जागा नाही, पडदे नाहीत, पण त्या एका बाईमुळं तुमचं निम्मं काम कमी होतं, ती पाणी पाजते, पाठ चोळते, तुमचं सांगणं तिच्या भाषेत सांगते, आणि पेशंट ओरडायची थांबते. आमच्याकडं सुरुवातीला सगळ्यांनी विरोध केला होता, मी पण, मग महिन्याभरात आम्हीच विचारायला लागलो की हिच्यासोबत कोण आहे.

दुसरं म्हणजे नाव. "ए बिहारी", "ए चौदा नंबर" असं म्हणू नका, आजूबाजूच्यांनाही म्हणू देऊ नका. आतून तपासायच्या आधी सांगा की तपासतेय, पडदा ओढा, आणि प्रत्येक ड्यूटीवाली येऊन तपासून जाते ते बंद करा, कळा नीट चालू असतील आणि सगळं ठीक असेल तर चार तासांनी एकदा पुरतं. पोट वरून दाबून बाळ ढकलायचं नाही, सरसकट प्रत्येकीला टाके पडतील असा छेद द्यायचा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट आहे, आपल्याकडच्या, सरकारी प्रसूतिगृहं सुधारायच्या लक्ष्य कार्यक्रमातही सन्मानानं प्रसूती हा भाग आहे, तुमच्या भिंतीवर पोस्टर लागलेलं असेल बघा.

आणि एक नाजूक गोष्ट, राग मानू नका. तांबी, म्हणजे पाळणा लांबवायची कॉपर-टी. बाळंत झाल्या झाल्या तांबी बसवतात, सोय म्हणून ती चांगलीच आहे, पण कळांमध्ये तळमळणाऱ्या बाईनं हुंकार दिला म्हणजे संमती झाली असं नसतं. माझ्याकडं अशा बायका आलेल्या आहेत ज्यांना दोन वर्षांनी दुसऱ्या गावात सोनोग्राफीत कळलं की आत तांबी आहे. नवऱ्याला वाटतं हिच्यात दोष, सासू छळते, आणि हिला काही पत्ताच नाही. विचारायचं ते गरोदरपणातल्या तपासणीत, तिच्या भाषेत, आणि बसवली तर तिच्या कार्डावर आणि तिच्या कानावर, दोन्हीकडं घालायचं.

तुमच्या वॉर्डात एक छोटं काम करा. कागदावर दहा-बारा वाक्यं लिहून घ्या, हिंदीत, कानडीत, तेलगूत, सगळी देवनागरीत. दुखतंय का, श्वास सोड, आता जोर नको, आता दे, बाळ ठीक आहे, रक्त तपासायचंय, घाबरू नको. साइटवरच्या मुकादमाच्या बायकोला विचारून सुद्धा होईल. टेबलाच्या वर चिकटवून टाका. "बाळ ठीक आहे" एवढं जरी तिच्या भाषेत ऐकलं ना, तर त्या बाईचा चेहरा कसा सुटतो ते तुम्हीच बघाल.

मुलगी लातूरकडची, जावई पुण्यात वॉचमन. बाळ पुण्यात सरकारी दवाखान्यात झालं. जन्मदाखला गावी काढायचा का? आणि मातृवंदनाचे पैसे मिळतील का?

दाखला जिथं जन्म झाला तिथलाच, म्हणजे पुण्याचा, गावी मिळणार नाही. सरकारी दवाखान्यातून नोंद जाते, पण २१ दिवसांच्या आत ती गेलीय का हे जावयांनी स्वतः जाऊन बघावं, आणि आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग तिथल्या तिथं तपासावं, नंतर दुरुस्तीला चकरा पडतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार आहेत, दोन हप्त्यांत, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६ हजार एकरकमी, पैसे आईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात. सध्या राहता तिथल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, त्यासाठी लातूरला जायची गरज पडत नाही.

नमस्कार, आम्ही दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला रेडिंगला आलो, मी आयटीत, बायको सांगलीकडची, डिपेंडंट व्हिसावर. तिला इंग्रजी समजतं पण बोलायला घाबरते. मिडवाइफच्या (बाळंतपण बघणाऱ्या इथल्या नर्सच्या) पहिल्या अपॉइंटमेंटला मीच सगळं सांगत होतो, तर तिनं मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि फोनवर दुभाषी लावला. मला फार अपमान वाटला, मी काय गुन्हेगार आहे का. आणि आता २१ आठवडे झाले तरी गायनॅक भेटलेली नाही, सोनोग्राफी फक्त दोन, पुण्यात माझ्या वहिनीची जवळजवळ दर महिन्याला होत होती. आम्ही इमिग्रंट म्हणून असं चाललंय का?

दादा, तुम्हाला वाईट वाटलं ते मी समजू शकते, पण त्या मिडवाइफनं जे केलं ते चांगलं केलं, आणि ते तुमच्यावर संशय घेऊन केलं नाही. तिथं प्रत्येक गरोदर बाईला निदान एकदा एकटीला भेटायचा प्रयत्न करतात, गोरी असो, काळी असो, आपली असो. घरी मारहाण, धाक, बळजबरी असं काही आहे का हे विचारायचं असतं, आणि ते नवरा शेजारी बसलेला असताना कसं विचारणार? आता तुमच्या घरात तसं काही नाही, उत्तम. पण बाईला नवऱ्यासमोर बोलता न येणाऱ्या साध्या गोष्टीही असतात हो. मूळव्याध, अंगावरून जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं, लग्नाआधीचं काही, नुसती रात्रभर रडू येणं. तुम्ही भाषांतर करता तेव्हा तुम्हाला जेवढं माहीत तेवढंच मिडवाइफला पोचतं, आणि खरं सांगा, बायको दोन मिनिटं बोलली की तुम्ही एका वाक्यात सांगून टाकत असाल ना? माझ्याकडं नवरे असंच करायचे. मी बाईला विचारायचे आणि उत्तर दारातून यायचं.

दुभाषी हा तिचा हक्क आहे, एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, त्याचे पैसे घेत नाही, आणि घरच्या माणसाला दुभाषी म्हणून वापरू नये असंच त्यांचं धोरण आहे. फक्त पुढच्या वेळी "हिंदी नको, मराठी पाहिजे" असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर इंडियन म्हटलं की हिंदीवाला जोडून देतात आणि तुमची बायको तिथंही गप्प बसेल.

गायनॅकचं म्हणाल तर तिथं सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण मिडवाइफच सांभाळते, डॉक्टर अडचण असली तरच येतो, आणि सोनोग्राफी साधारण १२ आणि २० आठवड्यांना अशा दोनच ठरलेल्या असतात. इमिग्रंट म्हणून कमी केलं असं यात काही नाही, तिथल्या बायकांनाही तेवढंच. आपल्याकडं खासगीत दर महिन्याला करतात म्हणून ती गरजेची असते असं नाही. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरलाय ना, मग बाळंतपणाचं वेगळं बिलही नाही.

पण तुमच्या प्रश्नात खरं आहे तेही सांगते. इंग्लंडमध्ये आशियाई बायकांचं बाळंतपणातल्या मृत्यूचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे, तिथले स्वतःचे अहवाल हे वर्षानुवर्षं सांगतायत. आपल्या बायका दुखणं हसून सांगतात, "इट्स ओके" म्हणतात, आणि समोरच्याला ते खरंच ओके वाटतं. म्हणून तिला शिकवा, इंग्रजी मोडकं असू दे, पण तीन वाक्यं पाठ पाहिजेत. बाळ कमी हलतंय. मला काहीतरी बरं वाटत नाहीये. मला आत्ता कुणीतरी तपासा. मॅटर्निटी युनिटचा चोवीस तास चालणारा नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करा, तुमच्या नाही, कारण बाळ हलायचं कमी होईल तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये असाल. सकाळपर्यंत वाट बघायची नाही, उगीच त्रास कशाला द्या असं म्हणायचं नाही. आणि २४ ते २८ आठवड्यांत साखरेची टेस्ट आहे ना हे विचारा, आपल्या लोकांत गरोदरपणातली साखर जास्त म्हणून ती तिथं करतात. व्हिटॅमिन डी तर हवंच, त्या उन्हात काही मिळत नाही.

बाळ झाल्यावर मिडवाइफ घरी येईल, नंतर हेल्थ व्हिजिटर (आई-बाळाकडं बघणारी नर्स) येईल, आणि त्या मनाबद्दल विचारतील. आपल्या बायकांना वाटतं रडू येतं असं सांगितलं तर बाळ काढून घेतील. असं नुसतं रडू येतं म्हणून कुणी बाळ नेत नाही, उलट मदत मिळते, खरं ते सांगायला सांगा. आई येणार असतील तर डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू खुशाल आणू द्या, पण बाळाला मध चाटवणं आणि डोळ्यात काजळ हे दोन्ही नको, आणि ते मिडवाइफ इंग्रज आहे म्हणून नाही, मी पण हेच सांगायचे.

ताई, मी ऊसतोडीला जाते. वय २७, तीन लेकरं. शेवटच्या बाळंतपणानंतर अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. तालुक्याच्या खासगी डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं, गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. सोबतच्या दोघींनी काढलीय. मुकादम म्हणतो काढून टाक, पाळीचा खाडा पण पडत नाही. काय करू?

थांब. पैसे भरले असशील तरी थांब, तारीख घेतली असशील तरी थांब.

पांढरं जाणं आणि कंबर दुखणं एवढ्यावरून सत्ताविसाव्या वर्षी पिशवी काढत नाहीत. पांढरं बहुतेक वेळा इन्फेक्शननं जातं, गोळ्यांनी बरं होतं, नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं काही वेळा. कंबर तर तुझी मोळीनं दुखत असेल गं. कॅन्सरची भीती असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात, सरकारी दवाखान्यात होते, ती करून घे, नुसत्या एका सोनोग्राफीवर कॅन्सर होईल असं कुणी सांगू शकत नाही.

तू एकटी नाहीस. २०१९ मध्ये हा विषय बाहेर आला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी तुझ्याच वयाच्या. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालायचे केंद्राचे नियम सगळ्या राज्यांनी लागू करावेत असं सांगितलं. त्या डॉक्टरला एवढंच विचार की परवानगी घेतलीय का, बघ काय म्हणतो.

पिशवीसोबत अंडाशयही काढले तर पाळी एकदम बंद पडते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, आणि तुला अजून वीस वर्षं कोयता चालवायचाय. मी चाळिशीच्या आत वाकलेल्या बायका बघितल्यात, त्यांना कुणी आधी हे सांगितलंच नव्हतं. आणि मुकादमाला सांग, खाडा त्याच्या वहीत असतो, पिशवी माझ्या पोटात आहे.

सोनोग्राफीचा रिपोर्ट त्या दवाखान्यातून मागून घे, तो तुझा आहे, पैसे तू दिलेत. तो घेऊन जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा, सकाळी ओपीडीला, सोबत कुणाला तरी ने आणि विचार की मला नक्की काय झालंय, औषधानं बरं होईल का, पिशवी नाही काढली तर काय होईल. हे तीन प्रश्न कागदावर लिहून ने, लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घे. उत्तर मिळाल्याशिवाय सही-अंगठा काही करू नकोस, आणि काय सांगितलं ते मला परत कळव, मी वाट बघतेय.